कुठलं पाटील?

दोन वर्षांपूर्वी ऐन लग्नसराईत एका संध्याकाळी मी दुकानातल्या कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवरचे आयकॉन मोजले. हौसेनं नव्हे, भांडण झाल्यावर. २१४ निघाले. त्यात १९ पाटील. ‘पाटील’, ‘पाटील नवीन’, ‘पाटील फायनल’, ‘पाटील फायनल ओके’, ‘पाटील साहेब’, ‘पाटील अर्जंट’, ‘पाटील काळे’. यातलं ‘पाटील काळे’ म्हणजे काळ्या रंगाची पत्रिका, की काळ्यांच्या मुलीशी सोयरीक झालेले पाटील, हे मला तेव्हाही आठवलं नाही आणि आजही आठवत नाही.

नवीन मित्रांसाठी सांगतो, माझं कोल्हापुरात, शाहूपुरीत डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर जुळवून द्यायचं दुकान आहे. लग्नपत्रिका, तालीम मंडळांची पावती पुस्तकं, बिलबुकं, वाढदिवसाचे फ्लेक्स, जे येईल ते. दारात एक झेरॉक्स मशीनही आहे. म्हणजे फाइली हाच माझा कच्चा माल आणि फाइली हाच पक्का माल.

भांडण असं झालं. शहराजवळच्याच एका गावची पार्टी. पत्रिकेचं प्रूफ, म्हणजे छापायच्या आधी तपासायचा नमुना, पाठवलं, नवरदेवाच्या चुलत्यांनी व्हॉट्सॲपवर ‘ओके’ म्हणून कळवलं. मी फाइल ‘पाटील फायनल ओके’ नावानं ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यांचा हॉल बदलला. मी रात्री बसून हॉलचं नाव बदललं आणि फाइल ‘पाटील फायनल’ या नावानं सेव्ह केली. का, ते विचारू नका. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. सकाळी मी निपाणीला एका बारशाला गेलो. दुकानात आमचा ऑपरेटर पोरगा एकटा. त्यानं विचार केला, ‘फायनल’च्या पुढं ‘ओके’ आहे, म्हणजे हीच शेवटची. ती प्रेसला गेली. ७०० पत्रिका जुन्या हॉलच्या छापून आल्या.

चुलते पत्रिका हातात घेऊन दुकानात उभे. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. म्हणाले, “आवो, माझं नाव चुकलं असतं तर चाललं असतं. हॉल चुकला की. पावणं जेवायला कुठं जाणार?”

पुन्हा ७०० छापल्या, माझ्या खर्चानं. चुकलेल्या पत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर आम्ही पुढं वर्षभर हिशेब लिहिले. दर वेळी पान उलटं केलं की तो हॉल समोर.

मी पोराला झापलं. बायको दुकानाचे हिशेब बघते, ती वहीतनं मान वर न करता म्हणाली, “त्याचं काय चुकलं? फायनल थोरला का ओके थोरला, हे त्यानं ठरवायचं?”

उत्तर नव्हतं. म्हणून आयकॉन मोजायला बसलो.

आमचे अण्णा कंपोझिटर होते. हातानं खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायचे. शाळा सुटली की मी प्रेसमध्ये जाऊन बसायचो. खिळे ठेवायची खणांची पेटी म्हणजे केस. देवनागरीची केस म्हणजे नुसती क-ख-ग नव्हे. अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, काना, वेलांट्या, रफार, प्रत्येकाला आपापला खण. अण्णा कुणाशी तरी बोलत बोलत, खणाकडं न बघता खिळा उचलायचे आणि स्टिकमध्ये, म्हणजे ओळ जुळवायच्या हातातल्या पट्टीत, ठेवायचे. बघणाऱ्याला कौतुक त्या जुळवण्याचं. पण अर्धं काम त्याच्या नंतर असायचं. छपाई झाली की फर्मा, म्हणजे जुळवून बांधलेला मजकूर, सोडायचा, खिळे रॉकेलनं धुवायचे आणि एकेक खिळा ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायचा. या कामाचे गिऱ्हाईक वेगळे पैसे देत नाही आणि त्याचं कुणी कौतुकही करत नाही.

एकदा ते काम माझ्याकडं दिलं होतं. मी कंटाळून मूठभर खिळे दिसेल त्या खणात लोटले. दुसऱ्या दिवशी एका पत्रिकेचं प्रूफ आलं, त्यात ‘भंगल कार्यालय’. ‘म’च्या खणात ‘भ’ पडला होता. अण्णांनी मारलं नाही. अख्खा खण पाटावर ओतला आणि म्हणाले, “बस आता.” दोन तास बसलो होतो.

आणि मी, त्यांचाच मुलगा, पंचवीस वर्षं कॉम्प्युटरवर नुसता जुळवत आलो. परत टाकायचं काम कधी केलंच नाही. डेस्कटॉप ही स्टिक आहे. हातातलं काम तेवढं तिच्यावर असायला हवं. मी तिचीच केस केली होती.

आता एक गंमत. पडद्यावरच्या या टेबलाची कल्पना बाजारात आणली ती झेरॉक्स कंपनीनं. १९८१ साली त्यांनी ‘स्टार’ नावाचा कॉम्प्युटर काढला. त्याच्या पडद्यावर कागद आणि फोल्डर यांची छोटी चित्रं होती, कारण तो ऑफिसात टेबलाशी बसून काम करणाऱ्यांसाठी होता. १९८४ मध्ये ॲपलच्या मॅकिंटॉशनं ही कल्पना आणखी लोकांपर्यंत नेली, आणि आपल्याकडं ती खऱ्या अर्थानं दिसली विंडोज ९५ आल्यावर. म्हणजे माझ्या दुकानाच्या दारात उभ्या असलेल्या मशीनला आपण ज्या कंपनीचं नाव दिलंय, आतल्या पडद्यावरचा पसाराही मुळात तिच्याच डोक्यातला. फक्त त्यांनी टेबल म्हणताना साहेबाचं टेबल डोळ्यांपुढं ठेवलं असणार. आपल्याकडं टेबल म्हणजे वर काच, काचेखाली देवाचा फोटो, काचेवर कागदांची चळत, चळतीवर डबा.

डेस्कटॉप हा सुद्धा एक साधा फोल्डरच आहे आणि तो सी ड्राइव्हमध्ये असतो, हे निम्म्या लोकांना माहीत नसतं. कॉम्प्युटर बिघडला की दुरुस्तीवाला विचारतो, “सी मध्ये काय हाय का?” आपण छातीठोकपणे सांगतो, “काय न्हाई, सगळं डेस्कटॉपवर हाय.” तो बिचारा भला असेल तर हसतो आणि आधी कॉपी काढून घेतो. नसेल तर फॉरमॅट मारून मोकळा. माझ्या ओळखीत असे तीन संसार उद्ध्वस्त झालेत.

पण माझा मुद्दा डेस्कटॉप रिकामा ठेवण्याचा नाही. रिकामा तर पाच सेकंदांत होतो. सगळं सिलेक्ट करायचं आणि ‘जुना डेस्कटॉप’ नावाच्या फोल्डरमध्ये ढकलायचं. मी तेही केलंय. माझ्याकडं ‘जुना डेस्कटॉप’च्या पोटात ‘डेस्कटॉप बॅकअप’, त्याच्या पोटात ‘सॉर्ट करायचं’, आणि त्याच्या पोटात पुन्हा ‘जुना डेस्कटॉप’ असं निघालं होतं. सगळ्यात आत एक ‘न्यू फोल्डर’. उघडला तर रिकामा.

माझा मुद्दा नावाचा आहे.

कोल्हापुरात कुणी “मी पाटील” असं सांगितलं की समोरच्याचा पुढचा प्रश्न ठरलेला. “कुठलं पाटील?” मग गाव येतं, वडणगे का उचगाव का पाचगाव. मग कुणाचे कोण ते येतं. तिसऱ्या वाक्याला माणूस नेमका सापडतो, बऱ्याचदा लांबचा पाहुणाही निघतो. आपल्या तोंडात ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि फाइल सेव्ह करताना मात्र आपण नुसतं ‘पाटील’ लिहून एंटर मारतो. का, तर त्या क्षणी आपल्याला माहीत असतं कुठलं पाटील ते. फाइलचं नाव आपण सेव्ह करणाऱ्याच्या सोयीनं देतो. खरं तर ते शोधणाऱ्यासाठी द्यायचं असतं, आणि शोधणारा म्हणजे ऑपरेटर पोरगं, बायको, किंवा आठ महिन्यांनी सगळं विसरलेला मीच.

तेव्हापासून दुकानात एकच रीत. आधी तारीख, मग गाव, आडनाव, काम, प्रूफचा नंबर. ‘२०२४-०५-१२ वडणगे पाटील पत्रिका प्रूफ ०२’. तारखेत वर्ष पुढं, मग महिना, मग दिवस. आपल्या सवयीप्रमाणं दिवस पुढं लिहिला की सगळ्या महिन्यांतल्या एक तारखा एकीकडं आणि बारा तारखा दुसरीकडं गोळा होतात. वर्ष पुढं असलं की यादी आपोआप काळाप्रमाणं लागते. मधे तिरकी रेघ टाकायला जाऊ नका, विंडोज ती फाइलच्या नावात घेतच नाही.

“पण तारीख तर कॉम्प्युटर स्वतः दाखवतो की!” दाखवतो, पण कुठली? फाइल दुसरीकडं कॉपी केली की ‘क्रिएटेड’ला कॉपीची तारीख लागते आणि ‘मॉडिफाइड’ला जुनीच राहते. त्यामुळं एखादी फाइल जन्माच्या आधीच दुरुस्त झालेली दिसते. उलट, जुनी पत्रिका नुसती बघायला उघडली आणि चुकून सेव्ह केली की ती आजची होते. नावात लिहिलेली तारीख आपण बदलल्याशिवाय बदलत नाही.

‘फायनल’ या शब्दाला दुकानात बंदी आहे. प्रूफला फक्त नंबर. गिऱ्हाइकानं होकार दिला की त्या नंबरची पीडीएफ ‘छपाईला गेलेलं’ या फोल्डरमध्ये जाते आणि तिथली फाइल कुणी उघडून बदलायची नाही. बदल निघाला तर पुढचा नंबर. होकार कुणाचा, चुलत्यांचा का मामांचा, हे जॉबकार्डवर लिहितो. लग्नात होकार देणारे फार असतात.

माझा भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. त्याला हे सगळं म्हातारपणाचं लक्षण वाटतं. “मामा, फोल्डर कशाला, सर्च मार की.” सर्च चांगलंच आहे, मीही मारतो. पण जे तुम्हाला आठवतं तेच सर्चला सापडतं, आणि आम्हा मराठीत काम करणाऱ्यांची गोची त्याहून मोठी आहे. युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांवर एकच चालणारी अक्षरांची पद्धत, रुळायच्या आधी वर्षानुवर्षं जे मराठी टाइप झालं, ते त्या त्या कंपनीच्या फॉन्टमध्ये. पडद्यावर ‘क’ दिसतो, पण आत साठवलेलं असतं एखादं इंग्रजी अक्षर नाहीतर चिन्ह, आणि फॉन्ट त्याला ‘क’चं सोंग देतो. फॉन्ट काढला की ओळीच्या ओळी कचरा. त्या फाइलीत तुम्ही ‘कोल्हापूर’ शोधा, जन्मात सापडणार नाही. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधल्या फाइलींचं पुढचं. प्रेसला देताना फॉन्टचा घोळ नको म्हणून अक्षरं ‘कर्व्ह’ करतात. कर्व्ह केलं की अक्षर उरतच नाही, उरतो नुसता आकार. स्कॅन केलेले कागद आणि फोटो यांचीही तीच गत. म्हणजे माझ्या दुकानातल्या बऱ्याच फाइलींत वाचता येण्यासारखा मजकूर एकच, तिच्या डोक्यावरचं नाव.

ते नाव इंग्रजी अक्षरांत लिहिलं तर आणखी मजा. आपल्याकडचं ‘चौगुले’ घ्या. कुणी ‘सीएच’नंतर ‘ओयू’ लिहितो, कुणी ‘एयू’, कुणी शेवटी चौगले करून टाकतो. मी दुकानात आडनावांच्या स्पेलिंगचा एक कागद भिंतीला चिकटवलाय. नाव देवनागरीत द्यायला माझी ना नाही, विंडोजला चालतं. पण आमच्या फ्लेक्सवाल्याच्या मशीनवर देवनागरी नाव गेलं की नावाच्या जागी चौकोन उमटतात, म्हणून बाहेर जाणाऱ्या फाइलीला इंग्रजी नाव आणि घरच्या फाइलीला मराठी.

फ्लेक्सवरनं आठवलं. आपल्या शहरातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सबद्दल बाकी काय बोलायचं ते बोला, पण खालच्या ‘शुभेच्छुक’ पट्टीएवढं अवघड काम दुनियेत नाही. तीस-चाळीस गोल चेहरे, प्रत्येकाखाली नाव, आणि ते सगळे फोटो व्हॉट्सॲपवरनं येणार. डाउनलोड झाले की सगळ्यांचं नाव एकच, ‘व्हॉट्सॲप इमेज’ आणि पुढं तारीख-वेळ. ढीगभर गॉगलवाल्यांतला कुठला कोण हे मला देवानं सांगायचं? एकदा दोन सख्ख्या भावांचे फोटो एकमेकांच्या नावावर गेले. तालमीतली पोरं, दुकानात आली तेव्हा दार भरून गेलं. बरं, ते हसायला आले होते. आता मंडळाच्या पोराला आधीच सांगतो, फोटोच्या फाइलीला माणसाचं नाव दे आणि ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठव. तसं पाठवलं की नाव टिकतं आणि फोटोही दाबला जात नाही, मोठा केला तरी फाटत नाही. दहातले चार ऐकतात.

पूर आल्याशिवाय कोल्हापूरकराची गोष्ट पूर्ण होत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ५५ फूट ओलांडले. इशारा पातळी ३९, धोका पातळी ४३. व्हीनस कॉर्नर पाण्यात, आमची गल्लीही पाण्यात. आदल्या रात्री आम्ही सीपीयू माळ्यावर चढवला, मशीन विटांवर घेतलं आणि घरी आलो. बॅकअपची हार्ड डिस्क मात्र टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये राहिली. कॉम्प्युटर वाचला, बॅकअप बुडाला. उलटं झालं असतं तर? मूळ आणि बॅकअप एकाच छताखाली ठेवणं म्हणजे घराची किल्ली आणि तिची दुसरी किल्ली एकाच जुडग्यात अडकवणं. सी मधलं डी ड्राइव्हमध्ये टाकून ‘बॅकअप घेतला’ म्हणणारे तर बरेच. अहो, बहुतेक मशिनींत सी आणि डी एकाच डिस्कचे दोन वाटे असतात. भिंत घातली म्हणून घरं दोन होत नाहीत. जाणकार सांगतात तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. आमची दुसरी जागा म्हणजे मेव्हण्याचं घर, उंचावर. दर रविवारी जेवायला जातो, डिस्क बदलून आणतो. बायकोला यात बॅकअपपेक्षा माहेर दिसतं, दिसू दे. चालू कामं तेवढी गुगल ड्राइव्हवर. तिथं फुकटात १५ जीबी मिळतात आणि त्यात मेलही मोजतात, त्यामुळं फ्लेक्सच्या फाइली तिकडं नेत नाही.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. आमच्यासारख्या दुकानांच्या डेस्कटॉपवर लोकांचं आयुष्य पडलेलं असतं. आधार कार्ड, पॅन, सातबारा, पोराचा जातीचा दाखला, कुणाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट. प्रिंट काढली, वीस रुपये दिले, माणूस गेला, फाइल तिथंच. पुढचं गिऱ्हाईक काउंटरवर वाकून बघतंय. मी त्या दिवशी २१४ पैकी ६० फाइली अशा काढल्या. त्यातल्या काही माणसांना मी ओळखतही नव्हतो, आणि त्यांचा आधार नंबर माझ्याकडं. डिलीट केलं म्हणजे गेलं असं नाही, रिसायकल बिनमध्ये ते तसंच बसलेलं असतं, तेही रोज रिकामं करायला लागतं. तुम्ही कुठल्याही दुकानात प्रिंट काढलीत तर निघताना “फाइल काढा की तेवढी” असं म्हणा. दुकानदाराला राग आला तर येऊ दे. आणि जिथं चालतं तिथं पहिले आठ अंक झाकलेलं आधार द्या, तशी प्रत सरकारच्याच साइटवरनं निघते.

शिस्त लागली की माणूस वाहवतोही. मी सहा महिने फोल्डरांच्या नादी लागलो होतो. वर्ष, त्यात महिना, त्यात तालुका, त्यात गाव, त्यात गिऱ्हाईक, त्यात कामाचा प्रकार, त्यात प्रूफ. एक व्हिजिटिंग कार्ड उघडायला सात दारं. वर, एक दिवस सगळं हार्ड डिस्कवर कॉपी करायला गेलो तर मधेच अडलं, नाव फार लांब म्हणून. विंडोजमध्ये ड्राइव्हपासून फाइलपर्यंतचा पूर्ण पत्ता साधारण २६० अक्षरांत बसावा लागतो, आणि मी गावासकट तालुका लिहीत सुटलो होतो. पोरगा त्या फोल्डरांत फाइली टाकेनासाच झाला, गुपचूप डेस्कटॉपवर ठेवायला लागला. त्याचं बरोबर होतं. आता वर्ष आणि कामाचा प्रकार, दोनच दारं. बाकी सगळं नावात.

आणि शटर ओढायच्या आधी वीस मिनिटं परत टाकायची. ती वेळ कुणी मागत नाही, कुणी देतही नाही. फोन वाजतो, बायको जेवायला बोलावते, रंकाळ्यावर मित्र थांबलेले असतात. आठवड्यातनं दोन दिवस चुकतंच. चुकलं की सोमवारी डेस्कटॉपवर पंचवीस फाइली, त्यात एखादा नुसता ‘पाटील’. मी पोराकडं बघतो, पोरगा माझ्याकडं बघतो. बहुतेक वेळा तो मीच ठेवलेला असतो.

अण्णा आता दुकानात क्वचित येतात. मागं आले तेव्हा मी मोठ्या अभिमानानं मोकळा पडदा दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि विचारलं, “आज काम नव्हतं काय?”

मागच्या शनिवारी मंडळाची पोरं आली. दर वर्षीचं वाक्य, “गेल्या सालचं पावती पुस्तक काढा, फक्त साल बदला.” पोरानं मंडळाचं नाव टाइप केलं, फाइल हजर. पंधरा सेकंद. पोरं म्हणाली, नाद खुळा. मग अध्यक्ष बदलला. मग खजिनदार. मग गणपतीचा फोटो नको, यंदाच्या मूर्तीचं स्केच टाका, ते स्केच एकाच्या मोबाइलवर आहे, तो जोतिबाला गेलाय. मग वर्गणीचा आकडा छापायचा का मोकळा सोडायचा यावर दुकानाच्या पायरीवर अर्धा तास बैठक. रात्री साडेदहाला प्रूफ ०४ गेलं. अजून होकार आलेला नाही.